आतड्यातली हिरवी चौकट

पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या एंडोस्कोपी विभागाबाहेर सकाळी सातलाच माणसं बसलेली असतात. चेहरे ओढलेले, कारण रात्रभर कुणाला धड झोप नसते. हातात फाईल, शेजारी मुलगा किंवा सून, आणि लक्ष सारखं संडासाच्या दाराकडे. आतल्या खोलीत मावशींनी दिवे मंद केले आहेत. साठीचे एक गृहस्थ डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडले आहेत. "काका, आता झोप येईल हं, घाबरू नका," असं म्हणत सिस्टर सलाईनच्या नळीतून औषध सोडतात. थोड्याच वेळात काका घोरायला लागतात.

समोरच्या मॉनिटरवर त्यांचं मोठं आतडं दिसायला लागतं. गुलाबी, ओलसर, बारीक रक्तवाहिन्यांची जाळी अंगावर घेतलेलं. डॉक्टर डाव्या हाताने स्कोपची, म्हणजे आत घातलेल्या दुर्बिणीची, चाकं फिरवतात, उजव्या हाताने नळी पुढे सरकवतात. सुमारे दीड मीटर लांबीचं हे आतडं आधी शेवटपर्यंत, म्हणजे अपेंडिक्सच्या तोंडापर्यंत गाठायचं आणि मग सावकाश मागे येत तपासायचं, अशी ही कोलोनोस्कोपीची रीत. मागे येताना पडद्याच्या एका कोपऱ्यात अचानक हिरवी चौकट उमटते. डॉक्टर थांबतात. पाण्याचा फवारा मारतात. चौकट विझते, तिथे फेसाचा एक बुडबुडा होता. आणखी थोडं मागे आल्यावर पुन्हा चौकट. पुन्हा फवारा. या वेळी चौकट जागची हलत नाही. तिच्या आत आतड्याच्याच रंगाचा, जेमतेम चार मिलिमीटरचा एक चपटा उंचवटा आहे. मला तर तो बोट दाखवल्यावरही पटकन दिसला नाही.

यंत्राच्या हाती जाणाऱ्या कामांवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा मी ही खोली निवडली. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल आपण बहुतेक वेळा उद्याच्या भाषेत बोलतो. इथे ती आज कामाला लागलेली आहे, ती हिरवी चौकट तिचीच, आणि माणूस व यंत्र एकाच पडद्याकडे एकाच क्षणी, एकच गोष्ट शोधत बघत असतात. कोण काय बघतं आणि कुणाकडून काय निसटतं, हे इथे मोजता येतं. ते मोजलंही गेलं आहे.

कॅन्सरच्या आधीची दहा वर्षं

मोठ्या आतड्याचा कॅन्सर सहसा एका रात्रीत उद्भवत नाही. आतड्याच्या अस्तरावर आधी एक लहानसा कोंब येतो. त्याला पॉलिप म्हणतात. सगळे पॉलिप घातक नसतात. ज्या प्रकाराला ॲडेनोमा म्हणतात, त्यातले काही थोडे वाढत जातात, त्यांच्या पेशींमध्ये एकामागून एक बिघाड साठत जातात आणि साधारण दहाएक वर्षांत त्यांचा कॅन्सर होतो. बहुतेक ॲडेनोमा त्या टोकाला कधीच पोचत नाहीत. कुठला पोचेल हे मात्र बघून सांगता येत नाही, म्हणून दिसला की काढायचा.

शरीरातल्या फारच थोड्या कॅन्सरच्या बाबतीत एवढी मोठी सवड मिळते. १९६९ साली न्यूयॉर्कच्या बेथ इस्राएल रुग्णालयात हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ या डॉक्टरांनी स्कोपमधूनच तारेचा फास घालून पॉलिप कापून काढायची पद्धत रूढ केली. तोवर त्यासाठी पोट उघडावं लागायचं. आज काकांचा चार मिलिमीटरचा पॉलिप तशाच बारीक फासाने काढला गेला, तोही विजेचा प्रवाह न देता. रक्ताचे दोन-चार थेंब आले आणि आपोआप थांबले. तुकडा बाटलीत गेला, बाटलीवर चिठ्ठी लागली, बाटली पॅथॉलॉजीकडे रवाना झाली. ॲडेनोमा काढून टाकलेल्या रुग्णांचा अमेरिकेत अनेक वर्षं पाठपुरावा झाला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार या रुग्णांमध्ये आतड्याच्या कॅन्सरने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा निम्म्याहून कमी होते.

म्हणजे सगळी भिस्त पॉलिप दिसण्यावर आहे.

आदल्या रात्रीचं काम

यंत्राकडे वळण्याआधी त्या रात्रीबद्दल सांगायलाच हवं, कारण बाहेर बसलेल्या प्रत्येकाला तपासणीपेक्षा तीच जास्त लक्षात राहते. पॉलिप दिसायचा तर आतडं स्वच्छ हवं. दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाज्या, सालीची फळं, पेरू, डाळिंब, टोमॅटो, तीळ, सगळं बंद. मऊ भात आणि वरण चालतं. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि आरपार दिसणारं: गाळलेलं वरणाचं पाणी, लिंबू सरबत, नारळपाणी, कोरा चहा. लाल रंगाचं सरबत नको, कारण आत ते रक्तासारखं दिसतं. मग संध्याकाळपासून पोट साफ करणारं खारट-गोड औषध. पावडर पाण्यात कालवायची आणि पेल्यामागून पेला प्यायची. अर्धं रात्री, अर्धं पहाटे. पहाटेचा हप्ता अनेकांना जाच वाटतो, पण त्यानेच उजव्या बाजूचं आतडं नीट धुऊन निघतं. रात्रभरात लहान आतड्यातून खाली उतरलेला चिकट पिवळा थर तिथेच साचतो आणि चपटे पॉलिप नेमके त्याखाली दडतात.

सिस्टर आलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात: "शेवटची संडास कशी झाली?" पाण्यासारखी, फिकट पिवळी, असं उत्तर आलं की त्यांचा चेहरा खुलतो. आतडं किती स्वच्छ आहे याला शून्य ते नऊ असे गुण देण्याची पद्धत बोस्टनच्या डॉक्टरांनी घालून दिली आहे. उजवा, मधला आणि डावा असे तीन भाग, प्रत्येकाला तीनपैकी गुण. एखादे आजोबा पहाटेचं औषध अर्धवट टाकून आलेले असतात आणि पडद्यावर सगळं गढूळ दिसतं. अशा वेळी लाखो रुपयांचं यंत्रही काही करू शकत नाही. विष्ठेखाली काय आहे ते ना डॉक्टरांना दिसतं, ना संगणकाला.

निसटतं कुठे

आतड्याची भिंत सपाट नसते. नऊवारीच्या निऱ्यांसारख्या घड्या तिला असतात. स्कोपचा कॅमेरा समोर बघतो. घडीच्या पाठीमागचं बघायचं तर टोक वळवून घडी बाजूला सारावी लागते, गॅस भरून भिंत ताणावी लागते, पाणी मारून ती धुवावी लागते. हे सगळं मागे येताना करायचं. ही मागे येण्याची वेळ किमान सहा मिनिटं असावी, असं अनेक वर्षं मानलं जात होतं. २०२४ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांनी ती आठ मिनिटं केली. दिवसाला दहा-बारा रुग्ण, मध्येच इमर्जन्सी, आणि दुपारच्या रुग्णाला सकाळच्या रुग्णाइतकीच सावध नजर द्यायची. दमतो तो माणूस.

एकाच रुग्णाची एकाच दिवशी लागोपाठ दोनदा तपासणी करून पहिल्या खेपेला काय सुटलं ते बघण्याचे अभ्यास झाले आहेत. त्यांत साधारण चारातला एक ॲडेनोमा पहिल्या खेपेला निसटलेला आढळतो. निसटलेले बहुतेक लहान किंवा चपटे असतात. अनुभवी डॉक्टरांकडूनही ते निसटतात, आणि सगळ्या डॉक्टरांचं निसटण्याचं प्रमाण सारखं नसतं. म्हणून या क्षेत्रात डॉक्टरच्या कामाचं एक माप ठरलं आहे. त्याने तपासलेल्या शंभरातल्या किती जणांमध्ये त्याला किमान एक तरी ॲडेनोमा सापडला, ते हे माप. उत्तर कॅलिफोर्नियातल्या १३६ डॉक्टरांनी केलेल्या तीन लाखांहून अधिक कोलोनोस्कोपींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. हे माप एका टक्क्याने वाढलं की पुढे त्या रुग्णांना आतड्याचा कॅन्सर होण्याचा धोका सुमारे तीन टक्क्यांनी उतरतो, असा संबंध त्यात दिसला.

मला हा सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आकडा वाटतो. कॅन्सर टळणं इथे नजरेशी थेट जोडलेलं आहे.

यंत्राला पॉलिप ओळखायला कसं शिकवलं

चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगदू शहरात, तिथल्या प्रांतिक रुग्णालयात पू वांग नावाच्या डॉक्टरांच्या गटाने हे काम फार नेटाने केलं. १,२९० रुग्णांच्या कोलोनोस्कोपीतली ५,५४५ चित्रं त्यांनी घेतली. अनुभवी डॉक्टरांनी प्रत्येक चित्रात पॉलिप कुठे आहे, त्याची कड कुठून कुठवर जाते, हे आखून दिलं. पॉलिप नसलेली चित्रंही दिली. या चित्रांवरून संगणकाच्या प्रणालीने स्वतःचे अंदाज बांधले, चूक झाली तिथे स्वतःला थोडं बदललं, आणि हे पुन्हा पुन्हा घडत राहिलं. 'पॉलिप गोल असतो' किंवा 'पॉलिपवर रक्तवाहिन्यांची नक्षी वेगळी असते' असा नियम कुणी तिला लिहून दिला नाही. मग तिने कधीच न पाहिलेल्या सत्तावीस हजारांवर चित्रांवर तिची परीक्षा घेतली. पॉलिप असलेल्या शंभर चित्रांतल्या चौऱ्याण्णवांत तिने तो ओळखला. हे निष्कर्ष २०१८ मध्ये आले.

चित्रावर ओळखणं वेगळं आणि हलत्या पडद्यावर ओळखणं वेगळं. कॅमेरा सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं पाठवतो. उत्तर द्यायला उशीर झाला तर चौकट उमटेपर्यंत स्कोप पुढच्या घडीवर गेलेला असतो. चेंगदूच्या प्रणालीला एका चित्रासाठी सेकंदाचा तेरावा हिस्सा लागत होता, म्हणजे डोळ्याला तो उशीर जाणवतच नाही. पुढे त्यांनी १,०५८ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली. एका गटाची नेहमीची तपासणी, दुसऱ्याची यंत्राच्या सोबतीने. यंत्र नसताना २०.३ टक्के लोकांत ॲडेनोमा सापडला, यंत्र असताना २९.१ टक्के लोकांत. इटलीतल्या तीन केंद्रांवर ६८५ जणांवर झालेल्या अभ्यासात हेच माप ४०.४ वरून ५४.८ टक्क्यांवर गेलं. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा प्रकारच्या पहिल्या यंत्राला परवानगी दिली. देताना स्पष्ट बजावलं की हे यंत्र फक्त लक्ष वेधेल. तो पॉलिप कोणत्या प्रकारचा आहे हे ठरवायचं काम त्याचं नाही, आणि पॅथॉलॉजीची जागा ते घेणार नाही.

प्रत्यक्षात हे यंत्र म्हणजे स्कोपचा प्रोसेसर आणि मॉनिटर यांच्यामध्ये जोडलेला एक डबा असतो. रुग्णाच्या शरीरात नवीन काहीच जात नाही.

चौकट खोटी निघते तेव्हा

खोलीत थोडा वेळ उभं राहिलं की लक्षात येतं, हिरवी चौकट बऱ्याचदा उगाच उमटते. कधी बुडबुडा, कधी डाळीच्या सालाचा कण, कधी नुसती चुण्या पडलेली भिंत. इटलीतल्या रेकॉर्डिंगांचा बारकाईने अभ्यास झाला तेव्हा एका तपासणीत सरासरी २७ वेळा अशी खोटी चौकट आढळली, आणि त्यांतल्या बहुतेक चौकटी भिंतीच्या घड्यांमुळे आलेल्या होत्या. डॉक्टर त्या क्षणात झटकून टाकतात. मी पाहिलं त्या डॉक्टरांची मान अशा वेळी हलतही नव्हती. पण नव्याने शिकणाऱ्या डॉक्टरांचा हात प्रत्येक चौकटीपाशी अडखळतो, आणि तपासणी लांबत जाते.

याहून गंभीर मर्यादा दुसरी आहे. यंत्र तेवढंच बघतं जेवढं कॅमेरा दाखवतो. घडीमागे स्कोप वळवलाच नाही, तर तिथल्या पॉलिपवर चौकट कधीच उमटणार नाही. यंत्राने आपल्याला नजर दिली आहे. हात अजून माणसाचाच आहे, आणि आतडं उलगडून दाखवणं हे हाताचं काम आहे. म्हणूनच बहुधा सगळीकडे निकाल सारखे आलेले नाहीत. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रुग्णालयात कुठल्याही प्रयोगाचा बडेजाव न करता हे यंत्र रोजच्या कामात वापरून पाहिलं, तेव्हा सापडण्याच्या मापात फरक पडला नाही.

आपल्याकडच्या वाचकाने आणखी एक ध्यानात घ्यावं. ही यंत्रं पॉलिप शोधायला शिकलेली आहेत. भारतात दुर्बीण घालून बघताना डॉक्टरांना आतड्याचा क्षयरोग, अमीबामुळे झालेले व्रण, सूज असं बरंच काही भेटतं. लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं, तिथे क्षयरोग हमखास दबा धरून बसतो. त्याच्यासाठी ही चौकट नाही. ते ओळखणारी नजर डॉक्टरचीच.

पोलंडमधून आलेली धोक्याची खूण

ऑगस्ट २०२५ मध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात पोलंडमधला एक अभ्यास आला आणि या क्षेत्रातले लोक चपापले. तिथल्या चार केंद्रांत २०२१ च्या अखेरीस ही यंत्रं बसवली गेली. त्यानंतर काही तपासण्या यंत्रासह होत, काही यंत्राविना. संशोधकांनी फक्त यंत्राविना झालेल्या तपासण्या घेतल्या: यंत्र येण्याआधीच्या तीन महिन्यांतल्या आणि आल्यानंतरच्या तीन महिन्यांतल्या. आधी डॉक्टरांना २८.४ टक्के रुग्णांत ॲडेनोमा सापडत होता. यंत्राची सवय झाल्यावर, यंत्र बंद असताना, तो २२.४ टक्के रुग्णांतच सापडला. आणि हे नवशिके नव्हते. प्रत्येकाच्या गाठीशी दोन हजारांहून अधिक कोलोनोस्कोपींचा अनुभव होता.

अभ्यास निरीक्षणाचा आहे. त्या तीन महिन्यांत रुग्ण वेगळे असतील, कामाचा ताण वाढला असेल. एका अभ्यासावरून शेवटचा निष्कर्ष काढू नये, हे खरंच. तरीही ही गोष्ट मला अस्वस्थ करते. चौकट उमटेल या भरवशावर डोळे स्वतःहून कोपऱ्याकोपऱ्यांत फिरायचे थांबतात का? आज शिकणारे डॉक्टर पहिल्या दिवसापासून चौकटीसोबतच शिकतील. वीज गेली, यंत्र बिघडलं, किंवा यंत्र नसलेल्या लहान गावात नोकरी लागली, तर त्यांच्याकडे काय उरेल? माझं मत असं आहे की शिकवणाऱ्या रुग्णालयांनी ठरावीक दिवशी यंत्र बंद ठेवून तपासण्या कराव्यात, आणि प्रत्येक डॉक्टरचं यंत्रासह आणि यंत्राविना सापडण्याचं माप वेगवेगळं नोंदवावं. त्याला पैसे लागत नाहीत. एक वही आणि थोडी शिस्त पुरते.

जास्त सापडणं नेहमी चांगलं असतं का

चेंगदूच्या अभ्यासात जास्तीचे सापडले ते प्रामुख्याने पाच मिलिमीटरपर्यंतचे छोटे पॉलिप होते. मोठ्या पॉलिपच्या संख्येत म्हणावा असा फरक नव्हता. एवढ्या छोट्या पॉलिपमध्ये कॅन्सर असण्याची शक्यता फारच कमी. पण पॉलिप काढला की तो तपासायला जातो, बिल वाढतं, रुग्णाच्या मनात धाकधूक सुरू होते आणि 'तीन वर्षांनी पुन्हा या' असा शेरा मिळण्याची शक्यता वाढते. याच कारणांसाठी २०२५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या तज्ज्ञ व रुग्णांच्या समितीने हे यंत्र सरसकट वापरू नये असं, पण सौम्य शब्दांत, सुचवलं. अमेरिकेच्या गॅस्ट्रोएंटरॉलॉजी संघटनेने त्याच वर्षी शिफारस करणंच टाळलं. बाजूनेही नाही आणि विरोधातही नाही. एकाच पुराव्याकडे बघून जाणती माणसं इतकी वेगळी बोलतात, कारण यंत्रामुळे शेवटी किती लोकांचा कॅन्सर टळला हे कळायला आणखी वर्षं जावी लागतील.

दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. लागोपाठ दोन तपासण्यांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यात पहिली तपासणी यंत्राविना झाली तेव्हा ३२.४ टक्के ॲडेनोमा निसटले, यंत्रासह झाली तेव्हा १५.५ टक्के. निसटण्याचं प्रमाण निम्म्यावर येणं ही छोटी गोष्ट नाही. दुपारी चार वाजता, अकराव्या रुग्णाच्या वेळी, न दमलेला आणखी एक डोळा खोलीत असावा असं मला रुग्ण म्हणून वाटेल.

दारापर्यंत न पोचलेले

त्या विभागाबाहेर बसलेल्यांशी बोलताना एकच हकिगत वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते. संडासवाटे रक्त जात होतं. मूळव्याध असेल म्हणून कुणी गावातल्या वैदूची मुळी घेतली, कुणी दुकानातून मलम आणलं, कुणी इंजेक्शनने मूळव्याध 'जाळून' घेतली. रक्त काही दिवस थांबलं, परत सुरू झालं. वजन उतरलं, पाय ओढायला लागले, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात. मग कुणीतरी दुर्बिणीची तपासणी करायला सांगितलं. बायकांच्या बाबतीत तर उशीर आणखी मोठा, कारण या जागेबद्दल घरात बोलायचंच कसं?

भारतात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे वर्षाला सुमारे सत्तर हजार नवे रुग्ण नोंदले जातात, असा जागतिक कॅन्सर संस्थेचा २०२२ चा अंदाज आहे. लोकसंख्येच्या मानाने पाश्चात्त्य देशांपेक्षा हे प्रमाण बरंच कमी. पण परळच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांच्या नोंदी दाखवतात की आपल्याकडे गुदाशयाचा कॅन्सर जास्त, रुग्ण तुलनेने तरुण, आणि आजार पुढच्या टप्प्यावर गेल्यावर येणारे पुष्कळ. अमेरिकेत २०२१ पासून पंचेचाळिशीतच प्रत्येकाने आतड्याची तपासणी सुरू करावी अशी शिफारस आहे. आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची चाचणी होते, आतड्याची नाही. सगळ्यांची कोलोनोस्कोपी करण्याइतके डॉक्टर आणि स्कोप आपल्याकडे नाहीत, आणि प्रमाण कमी असताना तशी गरजही नाही. गरज आहे ती ज्यांना लक्षणं आहेत त्यांनी वेळेत पोचण्याची. तालुक्याच्या ठिकाणी साधी, नीट चालणारी कोलोनोस्कोपी मिळणं मला शहरातल्या एका रुग्णालयात दुसरं एआय यंत्र येण्यापेक्षा कितीतरी जास्त मोलाचं वाटतं. सार्वजनिक पैसा खर्च व्हायचा असेल तर आधी तिथे व्हावा.

तेव्हा वाचकहो, संडासवाटे रक्त जात असेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल किंवा कारण नसताना रक्त कमी झालं असेल, तर मूळव्याध आहे असं स्वतःच ठरवू नका. आधी डॉक्टरांकडून गुदद्वाराची तपासणी करून घ्या आणि ते म्हणाले तर कोलोनोस्कोपीला नाही म्हणू नका. आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, तर तुमची तपासणी चाळिशीत किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा सुरू व्हायला हवी. पहाटेचं औषध शेवटच्या घोटापर्यंत प्या. आणि डॉक्टरांना खुशाल विचारा: तुमच्या शंभर रुग्णांमधल्या किती जणांत ॲडेनोमा सापडतो? ज्यांच्याकडे याचं उत्तर तयार असतं, त्यांच्याकडे तपासणी करून घ्या, खोलीत यंत्र असो वा नसो.